सोनं तोळ्यावर, मोती कशावर?

सोलापूरच्या मंगळवार पेठेत, सराफ कट्ट्यावर, आजीची नथ मोडायला नेली तर पहिलं काम मोती वेगळे करण्याचं होतं. तार उलगडली जाते, मोती आणि लाल-हिरवे खडे कागदाच्या पुडीत बांधून परत हातात येतात आणि उरलेलं सोनं काट्यावर चढतं. सोन्याचा त्या दिवशीचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो, टंच यंत्रावर दिसतो, घट किती धरायची यावर थोडी घासाघीस होते आणि व्यवहार संपतो. पुडीतल्या मोत्यांचं काय, असं विचारलं तर उत्तर बहुधा ठरलेलं: ‘मोत्याला मोड नसते.’ बँकेत तारण ठेवायला गेलं तरी तोच न्याय. मोती-खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्यावर कर्ज मिळतं.

आणि त्याच घरात आत्याबाई ठामपणे सांगत असतात, की हे मोती बसऱ्याचे आहेत, आज लाखांत जातील.

शून्य आणि लाख, दोन्ही आकडे मोत्याकडे नीट न बघताच सांगितलेले असतात. सराफाचा दोष नाही, त्याचा धंदा सोन्याचा आहे. आत्याबाईंचाही नाही, त्यांनी ऐकलेलं सांगितलं. अडचण अशी आहे, की मोत्याची किंमत काढण्याआधी त्याची ओळख पटवावी लागते, ओळख पटल्यावर किंमत कशासाठी हवी आहे हे ठरवावं लागतं, आणि यातलं काहीही सोनं तोलणाऱ्या काट्यावर होत नाही.

आधी हे मोती आपल्याकडे आले कुठून ते पाहू. सोलापूरला समुद्र नाही, मोत्याचा शिंपला इथल्या कुणी पाहिला असण्याचं कारण नाही. पण 1860 साली रेल्वे आली, 1870 च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, कापसाच्या आणि कापडाच्या व्यापारात पैसा खेळू लागला. तो पैसा लग्नकार्यात दागिन्यांच्या रूपानं घरात मुरला: नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, बुगडी, मोत्यांच्या बांगड्या. या दागिन्यांतले मोती दोन वाटांनी येत. एक वाट मुंबईची. दुसरी हैदराबादची, आणि ती वाट सोलापूरकरांना जास्त सरावाची. शहराच्या वेशीपलीकडचं तुळजापूर, नळदुर्ग हे 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. सोयरीक, व्यापार, बाजारहाट सगळं त्या बाजूला चाले. हैदराबादलाही समुद्र नाहीच. तिथं मोती विंधले जात, निवडले जात, विकले जात. येत ते मात्र मुंबईमार्गे आखातातूनच.

‘बसऱ्याचे मोती’ हे नावही तसंच. बसरा हे बंदर, बाजारपेठ. मोती निघत ते बहरीन, कुवेत, कतार या भागातल्या उथळ समुद्रातून. पाणबुडे उन्हाळ्याचे महिने होड्यांवर काढत, नाकाला चिमटा लावून तळाशी जात, शिंपल्यांची टोपली घेऊन वर येत. शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादा बरा मोती. हा माल मुंबईला येई, कारण पारख, विंधणं, जुळवाजुळव आणि भांडवल मुंबईत होतं. विंधलेले मोती रेशमाच्या दोऱ्यात ओवून, टोकांना जरीचे गोंडे लावून, जुडगे बांधून पॅरिसपर्यंत जात. आखातातले लोक 1960 च्या दशकापर्यंत भारतीय रुपये वापरत होते, त्याच्या मुळाशी जी जुनी देवघेव होती, तिच्यात मोत्यांचा वाटा मोठा. भारताचा स्वतःचा मोती म्हणजे मन्नारच्या आखातातला, तुतिकोरीनचा. महाराष्ट्रातल्या घरांत तोही आला असणार, पण जुना अस्सल मोती दिसला की त्याला सरसकट ‘बसरा’ म्हणायची पद्धत पडली. म्हणजे घरात हे नाव चालत आलं, एवढ्यानं मोत्याचं गाव कळत नाही.

मोत्यांचा सौदा रुमालाखाली होई. खरेदीदार आणि विक्रेता कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगत, बाजूला बसलेल्या तिसऱ्याला पत्ता लागत नसे. आपल्याकडे गुरांच्या बाजारात ही रीत पाहिलेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको. सोन्याच्या भावाची पाटी दुकानावर लागू शकते, मोत्याची लागत नाही, ती त्या काळीही लागत नव्हती.

पाटी लागत नसली तरी हिशेब मात्र पक्का होता, आणि तो आज जवळजवळ विसरला गेला आहे. मुंबईच्या मोतीबाजारात भाव रत्तीवर ठरत नसे, ‘चव’ या मापावर ठरे. मोत्यांचं रत्तीतलं एकूण वजन घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, त्याला 55 नं गुणून 96 नं भागायचं आणि येईल त्या आकड्याला मोत्यांच्या संख्येनं भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे चव. चवीचे 100 दोकडे, दोकड्याचे 16 बदाम. आता करून पाहा. 8 रत्तीचा एकच मोती असेल तर चव होते साधारण 36.67. तेच 8 रत्ती वजन 4 मोत्यांचं मिळून असेल तर 9.17. आणि 40 बारीक मोत्यांचं असेल तर 1 चवही भरत नाही, 0.92. वजन तेच, काटा तोच, मोल चाळीस पटींनी वेगळं.

पूर्वीच्या मोतीवाल्यांनी एका सूत्रात कोंबलेलं शहाणपण असं, की दुप्पट वजनाचा मोती दुप्पट नव्हे, चौपट मोलाचा, कारण निसर्गात तो तितका दुर्मीळ. युरोपातले व्यापारीही ग्रेनचा वर्ग करूनच भाव लावत. ही चव काढल्यावर मग दर चवीला रुपये किती, हे मोत्याच्या पाण्यावर, गोलाईवर, रंगावर, त्वचेवर ठरे. त्यामुळे ‘आमच्याकडे 5 तोळे मोती आहेत’ या वाक्याला किमतीच्या दृष्टीनं अर्थ नाही. तन्मणीचे पदरच्या पदर बारीक मोत्यांचे असतात. ते अस्सल असले तरी त्यांची चव कुठं चढणार? उलट कुणाच्या तरी जुन्या कुडीच्या मधोमध बसलेला एकुलता एक टपोरा मोती सगळ्या डब्याहून भारी निघू शकतो. बारीक, विद्रूप, पाणी नसलेल्या मोत्यांचा शेवटचा गिऱ्हाईक म्हणजे औषधवाला. मौक्तिक भस्माला गोलाई लागत नाही.

हा सगळा डोलारा 1920 आणि 1930 च्या दशकांत कोसळला. जपानच्या मिकिमोतोनं 1893 मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला होता. पुढं पूर्ण गोल मोती वाढवण्याची रीत सापडली: शिंपल्याच्या कवचाचा गोळा करायचा, जिवंत कालवात तो मांसाच्या तुकड्यासह रोवायचा आणि त्याच्यावर मोत्याचे थर चढू द्यायचे. 1921 च्या सुमारास असे गोल कल्चर्ड मोती लंडनच्या बाजारात आले आणि व्यापाऱ्यांची झोप उडाली. खोटे म्हणावेत तर वरचा थर अगदी खऱ्या मोत्याचा. खरे म्हणावेत तर आत गोळा माणसानं घातलेला. त्यापाठोपाठ 1929 ची मंदी आली, पॅरिसच्या मोतीवाल्यांची पत गेली. 1932 मध्ये बहरीनला तेल सापडलं आणि पाणबुड्यांना बुडी मारण्यापेक्षा बरा रोजगार मिळाला. आखातातली मोत्यांची मोठी मोहीम पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ओसरली.

किंमत किती घसरली याचा एकच दाखला पुरेसा आहे. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची एक हवेली कार्तिये या जवाहिऱ्यानं घेतली. मोबदला म्हणून दिला नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी हार, तेव्हाच्या किमतीनं 10 लाख डॉलरचा, आणि वर 100 डॉलर रोख. चाळीस वर्षांनी, 1957 मध्ये, हाराच्या मालकिणीच्या मृत्यूनंतर तोच लिलावात गेला तो 1 लाख 51 हजार डॉलरना. हवेली आजही कार्तियेकडे आहे. मोती म्हणजे कायम चढत जाणारी ठेव, असं समजणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी.

पण चाक पुन्हा फिरलं, आणि त्याचा ठळक दाखला मराठी घराण्याचाच आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांकडे मोत्यांचा सातपदरी हार होता. त्यातल्या निवडक 68 मोत्यांचा दुपदरी हार 25 एप्रिल 2007 रोजी न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 71 लाख डॉलरना गेला. याच खंडेरावांनी 1865 च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 मध्ये दोह्याला सदबीजनं सुमारे 55 लाख डॉलरना विकला. त्या गालिच्यात लाखो बारीक मोती आहेत, अंदाज 15 लाखांच्या आसपासचा. म्हणजे 68 मोठे, जुळलेले मोती या 15 लाख बारीक मोत्यांवर भारी पडले. चवीचं गणित इथं कुणी मांडलं नव्हतं, तरी निकाल त्याच्याच बाजूनं लागला. पुढं 2018 मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या लोलकातला मोती जिनिव्हाला सुमारे 3 कोटी 62 लाख डॉलरना गेला. ही बातमी आपल्याकडच्या पेपरांतही आली आणि घरोघरचे डबे उघडले गेले.

या आकड्यांनी हुरळून जाण्यात अर्थ नाही. तिथं मोत्याइतकीच राणीची किंमत होती. आपल्या पणजीबाई कितीही मानाच्या असल्या तरी लिलावाच्या सूचीत त्यांच्या नावानं बोली चढत नाही. तरीही एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे: चांगल्या आकाराच्या, पाणीदार, अस्सल नैसर्गिक मोत्याला आज पुन्हा गिऱ्हाईक आहे, आणि ते आखाती देशांत, युरोपात आणि मुंबईतही आहे.

आता ओळखीकडे येऊ. घरोघरी चालणाऱ्या परीक्षा ठरलेल्या: दातावर घासून पाहणं, पाण्यात टाकणं, काडी लावून पाहणं, लिंबू किंवा व्हिनेगरचा थेंब टाकणं. शेवटच्या दोन तर परीक्षा नव्हेतच, मोत्याचा खून आहे. मोती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबट पदार्थानं तो विरघळतो आणि आगीनं करपतो. दातावर कल्चर्ड मोतीही अस्सल मोत्यासारखाच खरखरीत लागतो, कारण दोघांचा वरचा थर एकच. या परीक्षेत नापास होतो तो फक्त काचेचा किंवा प्लास्टिकचा. आणि काचेचे मोती हा काही आजचा उद्योग नाही. पोकळ काचेच्या मण्यात माशाच्या खवल्यांचा लेप भरून केलेले मोती सतराव्या शतकापासून फ्रान्समध्ये होत होते. तेव्हा ‘दागिना शंभर वर्षांचा आहे म्हणजे मोती अस्सल’ हे म्हणणंही पुरेसं नाही.

तरी वय महत्त्वाचं आहेच. दागिना 1920 च्या आधीचा असेल आणि तेव्हापासून कुणी हात लावलेला नसेल, तर त्यात गोल कल्चर्ड मोती असण्याचा प्रश्न येत नाही. अडचण ‘हात लावलेला नसेल’ या शब्दांत आहे. आपल्याकडे नथ प्रत्येक पिढीत मोडून नव्यानं घडवतात. तन्मणीचा दोरा कुजतो, पटवेकऱ्याकडे जाऊन पुन्हा ओवला जातो, दोन-चार मोती हरवलेले असतात, तिथं मिळते-जुळते नवे येतात. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाच्या काळात किती दागिने मोडले गेले आणि त्यातले मोती कुठल्या डब्यात कशात मिसळले, याचा हिशेब कुठल्याच घरात नसतो. ‘हैदराबादहून आणलेले’ एवढं सांगून भागत नाही. 1910 साली आणलेले आणि 1985 साली आणलेले, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज चारमिनारच्या परिसरात मिळणारे मोती बहुतेक चीनमधले, गोड्या पाण्यात वाढवलेले कल्चर्ड असतात. दिसायला सुंदर, पण त्यांचं मोल वेगळ्या खात्यातलं.

भिंगानं थोडं कळतं. दहा पटीच्या भिंगातून विंधलेल्या भोकात पाहिलं, तर आत गोळा घातलेल्या मोत्यात वरचा थर आणि गोळा यांच्यामधली गडद रेघ दिसू शकते. जुन्या अस्सल मोत्यांची भोकं पुष्कळदा फार बारीक असतात, कारण माल वजनावर विकायचा असल्यानं विंधणारा जपून विंधी. वर्षानुवर्षं नाकात, गळ्यात राहिलेल्या मोत्याची भोकाजवळची कड झिजलेली असते, हळदीचा पिवळेपणा भोकात उतरलेला असतो. ही सगळी चिन्हं. जाणता सराफ त्यावरून अंदाज बांधतो आणि तो अनेकदा बरोबर असतो. पण अंदाजावर चांगली रक्कम कुणी देत नाही, आणि द्यायला निघाला तर ती का देतो आहे याचा विचार करावा. शिवाय चीनच्या गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत गोळा नसतोच, नुसता मांसाचा तुकडा रोवलेला असतो. तिथं भोकात कितीही डोकावलं तरी रेघ सापडत नाही.

निकाल लागतो तो क्ष-किरणांनी. नैसर्गिक मोत्याच्या आत कांद्यासारखे पापुद्रे केंद्रापर्यंत गेलेले दिसतात. कल्चर्ड मोत्यात गोळ्याची कड किंवा रोवलेल्या मांसाच्या जागी राहिलेली वेडीवाकडी पोकळी दिसते. साध्या छायाचित्रानं भागलं नाही तर मोत्याचा सीटी स्कॅन करतात, माणसाचा करतात तसाच, फक्त कितीतरी बारकाईनं. मोती समुद्राचा की गोड्या पाण्याचा हे रासायनिक तपासणीत कळतं: गोड्या पाण्याच्या मोत्यात मँगनीज जास्त, समुद्राच्या मोत्यात स्ट्रॉन्शियम जास्त. स्वित्झर्लंडच्या एसएसईएफ या प्रयोगशाळेनं अलीकडं कार्बन-14 वरून मोत्याचं वय काढण्याचीही सोय केली आहे. आपल्याला तितकं लांब जायला नको. मुंबईत जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या संस्थेची प्रयोगशाळा मोती तपासते. मुंबईतच 1971 पासूनची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा आहे. मोती तपासायला देण्याआधी त्या नैसर्गिक-कल्चर्ड असा लेखी निर्वाळा देतात का, हे विचारून घ्यावं. नुसतं ‘मोती’ एवढंच लिहिलेला कागद काही कामाचा नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघावं, सकाळी मुंबईत असावं.

प्रयोगशाळेच्या कागदावर किंमत नसते. हे माहीत नसल्यानं अनेकांची निराशा होते. मोती नैसर्गिक आहे, अमुक मिलिमीटरचा, अमुक कॅरटचा, समुद्राचा, रंग असा, काही उपचार केलेले दिसले तर ते असे, एवढंच तो कागद सांगतो. बसऱ्याचा की तुतिकोरीनचा हेही त्यावर सहसा नसतं. सोन्याचा हॉलमार्क तर मोत्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. दागिन्यावर हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला पाहून ‘मोतीसुद्धा हॉलमार्कचे’ असं समजणारी माणसं मी पाहिली आहेत.

किंमत सांगतो तो मूल्यांकनकार, आणि पहिला प्रश्न आपण त्याला नव्हे, त्यानं आपल्याला विचारायचा असतो: किंमत कशासाठी हवी? विम्यासाठी हवी असेल तर तसाच मोती आज दुकानातून घ्यायला काय पडेल तो आकडा येतो, आणि तो मोठा असतो. विकायचा असेल तर व्यापारी काय देईल तो आकडा, आणि तो बराच लहान असतो, कारण जोड मिळेपर्यंत मोती त्याच्या तिजोरीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. भावा-बहिणींत वाटणी करायची असेल तर सगळ्यांना मान्य असलेला मधला आकडा. याचं आपल्या शेजारचं मोठं उदाहरण निजामाच्या जवाहिरांचं. भारत सरकारनं 1995 मध्ये 173 नग सुमारे 218 कोटी रुपयांना घेतले. त्यात मोत्यांचा सातपदरी ‘सतलडा’ आहे. खुल्या जागतिक लिलावात काय आलं असतं, हा वाद त्या आधी वर्षानुवर्षं चालला होता. पण देशाबाहेर नेऊन विकता न येणाऱ्या वस्तूची किंमत आणि जगभर विकता येणाऱ्या वस्तूची किंमत एक कशी असेल?

हा नियम तुमच्या-माझ्या घरालाही लागू आहे. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, पुरावस्तू ठरणारी चीज खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. त्यामुळे पणजीचा तन्मणी बॅगेत टाकून जिनिव्हा किंवा दुबई गाठायचं कुणाच्या मनात असेल, तर ते आधीच काढून टाकावं. अमेरिकेतल्या मुलीला आजीची जुनी नथ पाठवतानाही हा कायदा लक्षात ठेवलेला बरा.

आयकराचं थोडक्यात. वारशानं मोती मिळाला म्हणून कर नाही, इस्टेट ड्युटी 1985 मध्ये गेली, संपत्ती कर 2015 मध्ये. कर लागतो विकल्यावर, भांडवली नफ्यावर, आणि वारशाच्या वस्तूत मूळ खरेदी आधीच्या मालकाची धरतात. 2001 च्या आधीपासून घरात असलेल्या दागिन्यासाठी 1 एप्रिल 2001 ची बाजारभावानं होणारी किंमत धरता येते. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर साडेबारा टक्के आहे आणि महागाई निर्देशांकाची सवलत नाही. म्हणून शासनमान्य मूल्यांकनकाराकडून 2001 ची किंमत लेखी घेतलेली असणं इथं रोख फायद्याचं ठरतं. विक्रीची रक्कम मोठी असेल तर आपल्या सीएला आधी विचारावं, नंतर नव्हे.

एवढं सगळं केल्यावर सोलापूरच्या साधारण घरातल्या मोत्यांचं निघतं काय? माझं मत असं: बहुतेक डबे तीन प्रकारच्या मालाची मिसळ असतात. थोडे अस्सल बारीक मोती, थोडे मधल्या काळात भर घातलेले कल्चर्ड, आणि थोडे चक्क काचेचे. अशा डब्यातला प्रत्येक मोती तपासणं म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. पण म्हणून न तपासताच पुडी बांधून ठेवणंही बरोबर नाही. सगळ्यांत मोठे, सगळ्यांत गोल, पाणी टिकलेले दोन-तीन मोती निवडावेत आणि तेवढेच प्रयोगशाळेत न्यावेत. ते कल्चर्ड निघाले तर उरलेल्यांवर खर्च वाचला. नैसर्गिक निघाले तर मग पुढच्या मोत्यांचा विचार करावा.

नेण्याआधी घरी करायची कामं आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. दागिना अखंड असताना चारी बाजूंनी फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोती मोजावेत, मोठ्या मोत्यांचा व्यास व्हर्नियर कॅलिपरनं घ्यावा, एकूण वजन लिहून ठेवावं, म्हणजे दिलेलाच मोती परत आला याची खात्री राहते. घरातल्या लग्नांचे जुने फोटो शोधावेत. 1930 सालच्या फोटोत पणजीच्या गळ्यात तोच तन्मणी दिसत असेल, तर तो मूल्यांकनकारासाठी शंभर तोंडी गोष्टींहून मोठा पुरावा आहे. आत्याबाई जे सांगतात ते त्यांच्यासमोर बसून लिहून काढावं: कुणाच्या लग्नात, कुठल्या गावाहून, कोणत्या पेढीतून आणलं, कधी मोडलं, कधी ओवून घेतलं. लाखांचा आकडा सोडून बाकीचं बरंचसं खरं असतं. आणि मोती उजळायला म्हणून रिठा, खायचा सोडा, टूथपेस्ट असलं काही लावू नये. मऊ, किंचित ओल्या फडक्यानं पुसावा, बस. उडालेलं पाणी घासून परत येत नाही.

विकायचंच ठरलं तर एका दुकानी ठरवू नये. सोलापुरात एक मत, पुण्यात एक, मुंबईच्या झवेरी बाजारातल्या मोत्यांचाच व्यापार करणाऱ्या पेढीत एक, असे निदान तीन भाव घ्यावेत आणि ते प्रयोगशाळेचा कागद दाखवून घ्यावेत. भावांत दुपटीचा फरक पडला तरी नवल मानू नये, रुमालाखालच्या धंद्यात तो पूर्वीही पडत होता. ज्याच्याकडे तुमच्या मोत्याची जोडी आधीच पडून आहे तो जास्त देईल, आणि तो कोण हे तुम्हाला आधी कळणार नाही. म्हणून घाई असलेल्या माणसानं मोती विकू नये. पैशाची निकड असेल तर सोनं मोडावं, ते त्यासाठीच असतं.

विकायचं नसेल तर तपासणीचा कागद, फोटो आणि आत्याबाईंची टिपणं एका पाकिटात घालून दागिन्याच्याच डब्यात ठेवा, आणि दागिना मुलीला किंवा सुनेला द्याल तेव्हा पाकीटही सोबत द्या. आणि तोवर कुणी नथ मोडायला निघालं, तर सोन्याचा भाव विचारण्याआधी मोत्यांची पुडी मागून घ्या.